पाऊलवाट आणि चाकोरी

वाटेसाठी मराठीत शब्दांची उणीव नाही. पाऊलवाट, पायवाट, आडवाट, रानवाट, गाडीवाट, पाणंद, चाकोरी. यांतल्या पहिल्या दोन शब्दांत वाट कोणाची याचा निवाडा शब्दातच होऊन गेला आहे : ती पायाची. उलट 'चाकोरी' हा शब्द चाकाने घडवला. गाडीच्या चाकांनी मातीत पाडलेली खोलगट रेघ हा त्याचा मूळ अर्थ. 'चाकोरीबद्ध जीवन' ही लक्षणा नंतरची. 'चाकोरीतली कविता', 'चाकोरीबाहेरची कथा' असे आपण समीक्षेत इतक्यांदा लिहितो की त्यातले चाक आता कोणाला ऐकू येत नाही. इंग्रजी 'ट्रेल'मध्ये मात्र पायही नाही आणि चाकही नाही. तो शब्द ओढत नेण्याच्या, फरफटत जाण्याच्या क्रियेशी नाते सांगतो; त्या वाटेवरून कोणी कसे जावे याबद्दल तो काहीच बोलत नाही. गेली काही वर्षे एक भांडण मी फार जवळून पाहत आलो आहे, आणि त्याचे मूळ मला बरेचदा या न बोलण्यात दिसते.

भांडण असे : अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांमधल्या वाटांवर माउंटन बाइकला, म्हणजे डोंगरात चालवायच्या जाड टायरांच्या सायकलीला, प्रवेश असावा की नसावा; आणि असावा तर चालणाऱ्यांच्या, घोडेस्वारांच्या, जनावरांच्या आणि खुद्द सायकलस्वाराच्या सुरक्षिततेचे काय. मी सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरिन काउंटीच्या आसपास राहतो. घरात या वादातले सगळे पक्ष जेवायला एकाच टेबलाभोवती बसतात. मुलगी शाळेच्या माउंटन बाइक संघात आहे. आई दर दीड-दोन वर्षांनी साताऱ्याहून येते आणि रोज चालायला गेल्याशिवाय तिला जेवण जात नाही. मी दोन्ही करतो, आणि दोन्ही बेताचेच. विषय क्रीडेचा किंवा पर्यावरणाचा वाटेल. साहित्याच्या वाचकांपुढे तो ठेवण्याचे धाडस करतो ते अशासाठी, की या वादाच्या गाभ्याशी एका वाक्याच्या वाचनाचा प्रश्न आहे, आणि वाचन हा आपला धंदा आहे.

ते वाक्य १९६४ सालच्या 'विल्डरनेस ॲक्ट' या कायद्यातले. त्याचा मसुदा मुख्यत्वे हॉवर्ड झानायझर या माणसाने लिहिला. १९५६ पासून पुढची आठ वर्षे तो या मजकुराचे खर्डे करत राहिला. त्यांची संख्या साठाच्या वर गेली. मे १९६४ मध्ये तो वारला आणि ३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली. सरकारी मसुद्यांत सहसा न सापडणारी शब्दांची पारख या मजकुरात दिसते. विल्डरनेस म्हणजे काय हे सांगताना झानायझरने 'अन्‌ट्रॅमल्ड' असा एक जुनाट शब्द योजला. तो दुर्बोध आहे, बदलावा, असे त्याला सुचवले गेले. तो बधला नाही. 'ट्रॅमल' म्हणजे घोड्याच्या पायांत अडकवायची दोरी; मासे धरायच्या एका जाळ्यालाही तेच नाव आहे. आपल्याकडे याला अगदी नेमका प्रतिशब्द आहे : पायबंद. ज्या भूमीला माणसाने पायबंद घातलेला नाही, ती विल्डरनेस. पुढे कायदा असेही म्हणतो की अशा भूमीत माणूस हा केवळ पाहुणा आहे, मुक्कामाला राहणारा नव्हे.

इथवर सगळे सुंदर आहे. अडचण पुढच्या एका कलमात येते. विल्डरनेसमध्ये कोणकोणत्या गोष्टींना मनाई, याची तिथे यादी आहे : मोटारगाड्या, मोटारीवर चालणारी यंत्रे, मोटारबोटी, विमान उतरवणे, आणि 'इतर कोणत्याही प्रकारची यांत्रिक वाहतूक'. सायकल यात बसते का? एक बाजू म्हणते, 'इतर' हा शब्द आधीच्या यादीचीच जात पुढे चालवतो. यादी सगळी इंजिनांची आहे. माणसाच्या मांड्यांवर चालणारे वाहन त्या पंगतीत बसवणे म्हणजे वाक्याचा विपर्यास. दुसरी बाजू म्हणते, मोटारी आधीच येऊन गेल्या असताना पुन्हा मोटारीच सांगायच्या असत्या तर 'यांत्रिक' हा वेगळा शब्द कशाला? शब्द वेगळा, म्हणून व्याप्तीही वेगळी. दोन्ही वाचने व्याकरणाला धरून आहेत. गंमत अशी की सरकारनेही दोन्ही करून पाहिली. १९६६ मध्ये वनसेवेने आपल्या नियमांत 'यांत्रिक वाहतूक' म्हणजे निर्जीव शक्तीवर चालणारे साधन अशी व्याख्या केली; तिच्यात सायकल येत नव्हती. पुढे १९८४ मध्ये त्याच वनसेवेने विल्डरनेसमध्ये सायकलीला स्पष्ट बंदी केली. राष्ट्रीय उद्यानांचा कारभार वेगळ्या खात्याकडे आहे, पण त्यांच्या नियमांतही विल्डरनेसची दारे सायकलीला बंदच आहेत.

मधल्या काळात काय घडले? माउंटन बाइक जन्माला आली, आणि तीही आमच्याच परसात. सत्तरच्या दशकात टॅमलपायस पर्वताच्या परिसरातली काही तरुण मंडळी तीस-चाळीसच्या दशकांतल्या जुन्या, वजनदार सायकली डोंगरावर चढवून उतारावरून सोडून देत. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. दोन मैलांच्या आसपास अंतरात तेराशे फुटांची उतरण; खाली पोचेपर्यंत मागच्या चाकातल्या ब्रेकचे ग्रीस जळून धूर निघे आणि ते पुन्हा भरावे लागे. म्हणून त्या रस्त्याचे नाव पडले 'रीपॅक'. १९७७ मध्ये त्यांच्यातल्या जो ब्रीझने या कामासाठी नव्याने सांगाडा घडवला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी 'माउंटनबाइक्स' नावाचा धंदा मांडला. म्हणजे कायदा आधीचा आणि वस्तू नंतरची. लेखकाचा हेतू शोधावा तर लेखक वस्तूच्या जन्माआधीच गेलेला. संहितेचा अर्थ लेखकाच्या हेतूवर टांगू नये हे आपण विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांच्यापासून वर्गात शिकवत आलो आहोत. इथे मात्र त्या अर्थावर कोणाला कुठे जाता येईल हे ठरते, आणि न्यायालयांना हात झटकता येत नाहीत.

विल्डरनेसच्या बाहेर, पण उद्यानांच्या आत, परिस्थिती आणखी गुंतागुंतीची आहे. १९८७ च्या नियमानुसार उद्यानातली वाट सायकलीला खुली नसते. ती खुली करावी लागते. म्हणजे मौनाचा अर्थ नकार. आमच्या भागातल्या सायकलस्वारांच्या संघटनेने याविरुद्ध दावा लावला आणि १९९६ मध्ये अपिली न्यायालयात ती हरली. सार्वजनिक भूमीवर नागरिकाला जाता येते हा नियम आणि बंदी हा अपवाद, असे मानणाऱ्यांना हा निकाल उफराटा वाटतो. २०१२ मध्ये नियम थोडा सैल झाला : आधीपासून असलेली वाट पर्यावरणीय तपासणी करून, लोकांची मते मागवून, उद्यानाच्या अधीक्षकाला खुली करता येते. वस्तीबाहेरच्या भागात नवी वाट काढायची तर मात्र अजूनही स्वतंत्र विशेष नियम लागतो.

हे सगळे कागदावरचे. जमिनीवर ते कसे दिसते हे पाहायचे तर पॉइंट रेज राष्ट्रीय सागरतटावर यावे. १९६२ मध्ये हा किनारा संरक्षित झाला आणि १९७६ मध्ये त्यातला मोठा भाग विल्डरनेस ठरला. तिथल्या बेअर व्हॅलीच्या वाटेवर सायकल चालते. ओढ्याच्या काठाने, उंच झाडांच्या सावलीतून, फारसा चढ नसलेली रमणीय वाट आहे ती. ३.२ मैलांवर एक फाटा येतो आणि तिथे सायकली लावून ठेवायचे एक साधे लोखंडी स्टँड आहे. समुद्र अजून मैलभर पुढे. माती तीच, झाडे तीच, ओढाही तोच. पण त्या स्टँडपासून कायद्याचे रान सुरू होते. चाक इथे थांबते. मुलगी पहिल्यांदा तिथे आली तेव्हा तिने विचारले होते, "बाबा, इथून पुढे नक्की काय बदलतं?" तेव्हा मी तिला कायद्याची गोष्ट सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे काहीच नाही."

तिचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. बंदीच्या समर्थनार्थ सर्वांत जास्त ऐकू येणारा युक्तिवाद वाटेच्या झिजेचा. चाके माती उकरतात, ओल्या वाटेवर चर पाडतात, पाणी त्यातून वाहते. थोडक्यात, पाऊलवाटेची चाकोरी होते. हे खरे आहे, पण अर्धेच. माँटानातल्या वाटांवर केलेला आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात सर्वांत जास्त माती सुटी केली ती घोड्यांच्या टापांनी. सायकलीची झीज पायी चालणाऱ्यापेक्षा फार वेगळी आढळली नाही. आणि घोड्याला विल्डरनेसमध्ये कायद्याने मोकळीक आहे. घोडा सजीव, म्हणून यांत्रिक नाही. हजार पौंडांचे जनावर लोखंडी नाल ठोकून रानात जाऊ शकते आणि तीस पौंडांची सायकल नाही. झिजेच्या मुद्द्यावर मुलगी जिंकते, आणि मी ते तिला सांगितलेही आहे.

पण झिजेचा मुद्दा हा माझ्या मते मुळात चुकीच्या जागी शोधलेला मुद्दा आहे. तो मला कुठे सापडला हे सांगण्यासाठी आईकडे वळतो.

आईला डाव्या कानाने कमी ऐकू येते. तीन वर्षांपूर्वीच्या मुक्कामात आम्ही दोघे टॅमलपायसवरच्या एका रुंद कच्च्या रस्त्याने चाललो होतो. सायकलींना परवानगी असलेला रस्ता, ताशी पंधरा मैलांची मर्यादा, आंधळ्या वळणावर आणि माणसाजवळून जाताना पाच. मागून एक सायकलस्वार वळणावरून आला. त्याने हाक मारली, ती आईला ऐकू आली नाही. मला आली, मी तिचा हात ओढला, आणि ती नेमकी उलट बाजूला सरकली. धक्का लागला नाही. पण ती घाबरून खाली बसली, तळवा खरचटला, आणि नंतर बराच वेळ तिचा श्वास जागेवर येईना. स्वार भला होता. थांबला, पाणी दिले, दोनदा क्षमा मागितली. तो गेल्यावर आई म्हणाली, "बैलाच्या गळ्यात घुंगरं असतात. चाकोरीतून गाडी येतेय हे शिवंवरून कळायचं. ह्याच्या गळ्यात काय आहे?" आता इथल्या बऱ्याच सायकलींना घंटी असते, तेव्हा त्या सायकलीला नव्हती. पण आईने त्यानंतर तो रस्ता सोडला, तो सोडलाच. कोणी तिला मनाई केली नाही. एका वाटेवरचा एका माणसाचा प्रवेश संपला आणि त्याची कुठे नोंद झाली नाही.

सायकलींचा नियम सांगतो की स्वाराने चालणाऱ्याला वाट द्यावी, दोघांनी घोड्याला द्यावी, उतरणाऱ्याने चढणाऱ्याला द्यावी. नियम उत्तम आहे. पण तो पाळायला एक गोष्ट हाताशी असावी लागते : वेळ. दोन जीवांनी एकमेकांना पाहावे, ओळखावे, आणि कोण बाजूला होणार हे ठरवावे, एवढा वेळ. वेग वाढला की पहिली कपात याच वेळेत होते. याचे सर्वांत भीषण उदाहरण २९ जून २०१६ रोजी घडले. ग्लेशिअर राष्ट्रीय उद्यानाच्या सीमेलगत, फ्लॅटहेड राष्ट्रीय वनातल्या एका अरुंद वाटेवर एक अनुभवी सायकलस्वार आंधळ्या वळणावर ग्रिझली अस्वलावर जाऊन आदळला आणि अस्वलाने त्याला ठार केले. तो स्वतः वनसेवेचा कर्मचारी होता, या रानाची त्याला माहिती होती. चौकशी करणाऱ्या मंडळाने अंदाज बांधला की त्याचा वेग ताशी वीस ते पंचवीस मैल असावा आणि अस्वल दिसल्यापासून धडकेपर्यंत त्याला एक-दोन सेकंद मिळाले असावेत. अस्वलानेही काही निवड केली असे म्हणता येणार नाही. त्यालाही तेवढेच सेकंद मिळाले होते. मंडळाने २०१७ च्या अहवालात सांगितलेल्या गोष्टी साध्या आहेत : दृष्टी पोचत नाही तिथे वेग कमी करा, अस्वलांना पळवणारा फवारा हाताशी ठेवा, अंधारात जाऊ नका.

कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानात याच भीतीतून निघालेला एक तोडगा मला विशेष समजूतदार वाटतो. मिनेवांका सरोवराकाठची वाट दरवर्षी १० जुलै ते १५ सप्टेंबर सायकलींना बंद असते, कारण त्या दिवसांत ग्रिझली रानबेरी खायला तिथे उतरतात. पण त्याच काळात पायी जाणाऱ्यांवरही बंधन असते : किमान चौघांनी एकत्र चालायचे. इथे चाक दोषी आणि पाय निर्दोष अशी वाटणी नाही. बेरी पिकण्याचे वेळापत्रक आधी, माणसाची सोय नंतर; आणि ऋतू सरला की वाट पुन्हा सर्वांची.

आता माझे म्हणणे. बेअर व्हॅलीचे ते स्टँड जिथे आहे तिथेच राहावे, असे मला वाटते. चाक पापी आहे म्हणून नव्हे. जगात काही थोड्या जागा अशा असाव्यात की जिथे सगळ्यांची गती एक आहे, म्हणून कोणी कोणाच्या मागून येत नाही आणि कोणाला दचकून बाजूला व्हावे लागत नाही. 'पायबंद' या शब्दाकडे मी आता असा पाहतो : भूमीला पायबंद नको असेल तर तो कोणीतरी स्वतःला घालून घ्यावा लागतो. उलट विल्डरनेसच्या बाहेरच्या वाटांबाबत उद्यानांची सावधगिरी मला पुष्कळदा आळसासारखी वाटते. जिथे दूरवर दिसते, वळणे उघडी आहेत, तिथल्या वाटा सायकलीला खुल्या कराव्यात. जिथे दिसत नाही तिथे वेगळ्या वाटा काढाव्यात. मुलीच्या पिढीला रानात जायचे दार चाकातून उघडते आहे. ते लावून घेतले तर उद्या या रानासाठी भांडायला कोण उरेल? २०१७ मध्ये विल्डरनेसचा कायदाच बदलून सायकलीला आत घेण्याचे विधेयक काँग्रेसमध्ये आले, तेव्हा सायकलस्वारांच्या सर्वांत मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनेच त्याला पाठिंबा नाकारला. ते विधेयक पुढे गेले नाही.

या मतातली फट मला दिसते. 'केवळ पाहुणा' हे वाक्य लिहिणाऱ्यांनी हे विचारात घेतले नाही की या किनाऱ्यावर कोस्ट मिवॉक लोक हजारो वर्षे पाहुणे म्हणून नव्हे, घरच्यासारखे राहत होते. ज्याला आपण अस्पर्श रान म्हणतो ते कोणाचे तरी परसदार असते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले वारल्यांचे पाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे वेगळे सांगायला नको. आपल्याकडे वाद निराळ्या पातळीवर होतो, कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली राष्ट्रीय उद्यानात शिरणे हीच परवान्याची बाब आहे. तिथे हक्काची भाषा चालतच नाही. इथे ती चालते, म्हणून भांडण इतके लांबले. आणि ते मिटलेले नाही : २०१९ च्या आदेशाने आणि २०२० च्या नियमाने विजेवर चालणाऱ्या सायकलींचा उद्यानांमधला मार्ग मोकळा होऊ लागला, तेव्हा 'यांत्रिक' या शब्दावरची सगळी जुनी टीका-भाष्ये पुन्हा बाहेर आली. आता तर तिथे खरोखरच मोटार आहे.

मुलीला माझा 'एकच गती' हा मुद्दा पटलेला नाही. तिची हरकत अशी, की सगळ्यांचे पाय सारखे नसतात. ज्यांना चालताच येत नाही त्यांचे काय? या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे हे मला तिच्यामुळेच शोधावे लागले. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा जो कायदा १९९० मध्ये झाला, त्यात स्पष्ट लिहिले आहे की विल्डरनेसमध्ये चाकांची खुर्ची नेण्यास मनाई नाही. अट एवढीच, की ती घराच्या आत, चालणाऱ्यांच्या जागेत, वापरता येण्याजोगी असावी. म्हणजे कायद्याला चाकाचे वावडे नाही. चालणाऱ्यांमध्ये मिसळून जाते त्या चाकाला तो पाय मानतो. 'यांत्रिक' शब्दाचे माझ्या समजुतीचे सर्वांत चांगले भाष्य हेच आहे, आणि ते झानायझरच्या पश्चात सव्वीस वर्षांनी कोणा दुसऱ्यानेच लिहिले.

आईचे गुडघे आता फार दुखतात. पुढच्या खेपेला तिला खुर्ची लागेल असे डॉक्टर म्हणतात. तिला समुद्रापर्यंत जायचे आहे. मुलगी म्हणते, खुर्ची ती ढकलेल. स्वतःची सायकल त्या स्टँडला लावून.